नॉर्वेला गेलेला गडू

नॉर्वेहून परत आलो त्याला आता वर्ष होत आले. मी शिकवतो त्या कर्जतच्या शाळेतले सोबती, खोपोलीच्या गाडीत भेटणारे ओळखीचे लोक, आमचे पोस्टमास्तरसुद्धा मला एकच विचारतात: अशा महागड्या देशात जायचे तर आगबोटीच्या सहलीने जावे, की जमिनीवरून, आपले आपण? त्यांच्यापैकी कोणालाच नॉर्वेला जायचे नाही, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. पण मी दोन्ही करून पाहिले असल्यामुळे उत्तर देणे माझ्याकडे येते. ते दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून लिहून काढतो.

खालापूर

आमचे घर खालापूरचे. माझा थोरला भाऊ, दादा, विजेचा इंजिनिअर होता. खोपोलीला घाटावरून पाण्याचे मोठे लोखंडी नळ उतरवले तेव्हा तो शाळेत होता. सुट्टीच्या दिवशी भाकरी बांधून घेऊन तो चालत खोपोलीला जाई आणि दिवसभर ते काम बघत बसे. डोंगरावरचे पाणी खाली पडते आणि त्यातून दिवा लागतो, याचे नवल त्याला मोठेपणीही वाटत राहिले. पुढे तो विलायतेला शिकायला गेला आणि तिथून, पाण्यावर चालणारी विजेची घरे बघायला, नॉर्वेत. तिथल्या एका लहानशा गावी त्याच्या फुप्फुसाला सूज आली आणि आठ दिवसांत तो गेला. आम्हाला आधी तार मिळाली, मग एक पत्र, मग त्याची पेटी. त्या गावी दहनाची सोय नव्हती, चर्चच्या आवारात पुरले, एवढे पत्रात होते.

पेटीत त्याचे सगळे सामान होते. फक्त एक गडू नव्हता.

तो गडू म्हणजे गंगेच्या पाण्याचा, वितीपेक्षाही लहान, तांब्याचा, तोंड झाळून बंद केलेला. आमच्या वडिलांनी काशीहून असे दोन आणले होते, एक स्वतःसाठी आणि एक आईसाठी. वडिलांचा त्यांच्या शेवटच्या दिवशी फोडला. आईचा देवघराच्या कोनाड्यात होता. दादा विलायतेला निघाला तेव्हा वहिनीने कोणाला न विचारता तो त्याच्या पेटीत, धोतरांच्या घडीत ठेवून दिला. गंगेचे पाणी बरोबर असले म्हणजे रक्षण होईल, असे तिला वाटले.

दादा गेल्याचे कळल्यावर आईने कोनाडा बघितला, आणि त्या दिवसापासून तिने सुनेला नावाने हाक मारणे सोडले. "ते पाणी रक्षणाचं नसतं," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. "ते एकाच वेळेला लागतं. हिनं माझ्या पोराला मरण बांधून दिलं." वहिनी पाणी भरी, भात शिजवी, आईचे पाय चेपून देई.

दोन वर्षांनी मला शिक्षकाचा अभ्यासक्रम करायला एक वर्ष लंडनला जायची संधी आली. निघायच्या आधी वहिनीने आपल्या पाटल्या माझ्यापुढे ठेवल्या.

"भावजी, सुट्टीत त्या गावी जाऊन या. एवढंच विचारून या, गडू फोडला का? त्यांच्या तोंडात ते पाणी कोणी घातलं का?"

"आणि घातलं नसेल तर?"

"तर तसं सांगा. पण खरं सांगा. मी दोन वर्षं रोज मनाशी निरनिराळं बघत्ये."

आई आतून म्हणाली, "विन्या, त्यात काय विचारायचंय? दिलं होतं ते लागलंच की."

लंडन

जूनमध्ये मी एका प्रवासी कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने माझ्यापुढे दोन कागद ठेवले. पहिला आगबोटीच्या सहलीचा. तेरा दिवस. निजणे, चार वेळचे खाणे, वाद्ये, वाचनालय, सगळे भाड्यात आले. बोट नॉर्वेच्या खाड्यांतून फिरणार आणि ठिकठिकाणी अर्धा दिवस नांगर टाकणार. या खाड्यांना तिकडे फिओर्ड म्हणतात. दादाच्या गावाच्या फिओर्डात बोट साडेपाच तास थांबणार होती. दुसरा कागद जमिनीवरच्या प्रवासाचा, रेल्वे, टपालाची होडी, गाडीघोडा, खानावळी. त्याची बेरीज करून कारकून म्हणाला, "नॉर्वेत पाय ठेवला की पैसे लागतात. आमची बोट हीच तुमची खानावळ. एकट्या माणसाने तर बोटच घ्यावी."

हिशोब त्याचा बरोबर होता, आणि मी बोट घेतली. पण वाचकांशी खोटे बोलू नये. मी काटकसरीसाठी बोट घेतली नाही. मला त्या गावाची भीती वाटत होती. बोटीवर असताना कोणाचे दार ठोठवावे लागत नाही. ती नेईल तिथे जायचे आणि शिटी झाली की परतायचे. काय विचारायचे ते साडेपाच तासांत विचारून होईल, आणि उत्तर वाईट असले तर तिथे रात्र काढावी लागणार नाही, असा माझा मनातला हिशोब होता.

बोटीवर

आगबोटीच्या सहलीत वाईट असे काही नाही. बिछाना स्वच्छ होता. मी मांस खात नाही असे सांगितल्यावर खानसाम्याने मला तेरा दिवसांत बटाट्याचे नऊ प्रकार दाखवले असते, इतका तो हौशी होता. तिसऱ्या दिवशी सकाळी पडदा सारला तर खिडकीत डोंगर. आपल्या ढाकच्या कड्यासारखे काळे सरळ कडे, पण पायथ्याशी भातखाचरांऐवजी हिरवे गार समुद्राचे पाणी. कड्यांवरून धबधबे. आपल्याकडे श्रावणात राजमाचीच्या अंगाला दिसतात तसेच, फरक एवढाच की ते आटत नाहीत. वर बर्फ वितळत असतो. लोक कठड्याशी उभे राहून "अहाहा" म्हणत, मग न्याहारीची घंटा झाली की आत जात. सूर्य मावळल्यासारखा होई पण अंधार पडत नसे. संध्या केव्हा करावी हे न कळून मी ती घड्याळावर केली.

बोटीवरचे बरेच खलाशी आपल्या किनाऱ्याचे होते. एक जण वरच्या मजल्यावर फरशी घासत असे. पन्नाशीचा, दाढी पिकलेली. मी मराठी पुस्तक वाचताना त्याने पाहिले आणि तो थांबला.

"कुटलं तुमी?"

"खालापूर. कर्जतजवळ."

"आन् मी बानकोटचा. दाऊद." मग घासता घासता, "सायेब लोकांच्यात एकटे कसे? हवा खायाला?"

मी त्याला दादाचे सांगितले. गडूचे आणि वहिनीच्या पाटल्यांचेही सांगितले. लंडनमध्ये वर्षभर मी ते कोणाला सांगितले नव्हते. त्याने नुसते "बरं" म्हटले आणि बादली उचलली. दुसऱ्या दिवसापासून तो जाता येता विचारी, "आलं का गाव, मास्तर?"

धुके

गाव आले त्या सकाळी धुके होते. माथेरानला पावसाळ्यात असते तसे, हात लांब केला तर बोटे पुसट. बोट नांगरून उभी राहिली, दर मिनिटाला भोंगा वाजवत. मी पहाटेपासून कपडे करून, तीळ-तांदळाची पुडी खिशात घालून उभा होतो. दोन तासांनी फळ्यावर कागद लागला: धोका असल्यामुळे होड्या उतरवता येणार नाहीत, बोट पुढल्या ठिकाणी जाईल, कप्तानाला खेद वाटतो. खाली, मंडळींची निराशा घालवण्यासाठी, चेंडूचा खेळ सुरू झाला.

निघता निघता धुके एकदाच फाटले. पांढरे लाकडी चर्च दिसले. दहा-पंधरा तांबडी घरे. आणि घरांच्या मागे, डोंगरावरून खाली उतरणारे लोखंडी नळ, अगदी खोपोलीसारखे. मग सगळे पुन्हा मिटले.

मला हायसे वाटले, हे लिहिताना आजही लाज वाटते. पण वाटले हे खरे. आपण येऊन गेलो, गाव पाहिले, पुढचे आपल्या हाती नव्हते.

दाऊद दोर गुंडाळत होता. "हे गाव ना, मास्तर?"

"हो. पण बोट निघाली."

"बोट निघनारच. तिला काय तुमच्या भावाचं?" तो खाली बसला. "तीस वर्सं बोटीवर हाय मी. गावात लोक इचारतात, दाऊद, किती मुलूख बगितलास? आता काय सांगू? येक बी नाय. नुसती बंदरं बगितली. ही बोट मानसाला दाकवायला नेते, पोचवायला नाय."

"जमिनीवरून जायचं तर खर्च..."

"वैनीनं पाटल्या कशापायी दिल्या? बटाटं खायाला?" तो आवाज उतरवून म्हणाला, "घरी जाऊन काय सांगाल त्या बाईला? धुकं व्हतं?"

दुसऱ्या दिवशी बोट एका मोठ्या बंदरात धक्क्याला लागली. मी पिशवी घेऊन उतरलो. उरलेल्या दिवसांचे भाडे परत मिळत नाही, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे. दाऊदने वरून हात केला नाही. तो दोन्ही हात कठड्यावर ठेवून मी दिसेनासा होईपर्यंत उभा होता.

जमिनीवरून

कारकुनाचे म्हणणे खोटे नव्हते. बंदरातल्या खानावळीत एका रात्रीला जे पडले तेवढ्यात कर्जतला मी महिना काढतो. म्हणून पुढली रात्र मी टपालाच्या होडीत बाकावर काढली. होडीत पत्रांच्या थैल्या होत्या, दोन वासरे होती, आणि एका नवरीची रंगवलेली पेटी होती, तिच्यावर नवरीची आई बसली होती. ही होडी प्रत्येक धक्क्याला थांबे. कोणी वर्तमानपत्र घेई, कोणी वासराच्या कानाला हात लावून बघे. आगबोटीवरून जी घरे खेळण्यातली वाटली होती त्यांच्या धुराड्यांतून धूर येत होता आणि दारात माणसे भांडतही होती.

शेवटचे काही कोस चालायचे होते. गवत कापायचे दिवस. आपण पेंढ्याची उडवी रचतो, ते लोक खांबांना तारा बांधून त्यांच्यावर गवत टाकतात. लांबून वाटते लुगडी वाळत घातली आहेत. पाऊस लागला तेव्हा एका घरी थांबलो. एकमेकांची भाषा कोणालाच येईना. त्यांनी बसायला जागा दिली आणि आंबट दूध, खारवलेले लोणी व पापडासारखी पातळ भाकरी पुढे ठेवली. ती वर्षाची एकदम भाजून रचून ठेवतात. मी सवयीने ताटाभोवती पाणी फिरवले. घरातल्या मुलीला वाटले सांडले. ती फडके आणून निमूटपणे पुसून गेली. मी पुन्हा काही फिरवले नाही. जेवण झाल्यावर मात्र घरातला प्रत्येक जण उठून रांधणाऱ्या म्हातारीचा हात हातात घेऊन काही म्हणाला. अन्नाबद्दल आभार, असे पुढे कळले. आपण अन्नदात्याला सुखी भव म्हणतो, पण ज्या बाईने रांधले तिचा हात कधी हातात घेत नाही. दादाने या देशातून वहिनीला जे शेवटचे पत्र लिहिले त्यात हीच रीत लिहिली होती, ते मला तिथे आठवले.

गावात

गावच्या शाळामास्तरांना इंग्रजी येत होते. त्यांचे नाव ऊलाव. मी दारात उभा राहिलो, तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले, "तुम्ही त्यांचे भाऊ." त्यांनी हातातले काम टाकले आणि मला मार्गिट नावाच्या विधवेच्या घरी नेले. दादा तिच्या माडीवर राहत होता.

मार्गिट साठीची, उंच, हाताची हाडे रुंद. तिने माझ्याकडे पाहिले, मग खिडकीकडे. खिडकीत फुलांच्या तीन कुंड्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी आमचा गडू. आमच्या कोनाड्यात तो काळवंडलेला असे. इथे लखलखत होता.

मी हातात घेतला. तोंडाची झाळ जशीच्या तशी होती. हलवला तर आत पाणी वाजले.

मी ऊलावना विचारले, फोडला का नाही? ते तिला विचारत, ती सांगे, मग ते इंग्रजीत सांगत. तापाच्या पाचव्या दिवशी तिला पेटीत तो सापडला. औषध असेल असे वाटून ती सुरी घेऊन त्याच्यापाशी गेली. दादाने गडू तिच्या हातून घेतला आणि मान हलवली. तेव्हा ऊलाव खोलीत होते. दादा त्यांना इंग्रजीत म्हणाला, "हा माझ्या आईचा आहे. घरात एकच आहे. तिला लागेल. परत पाठवा."

"मग पेटीबरोबर पाठवला का नाहीत?" मी विचारले. माझा आवाज चढला असावा.

मार्गिटने उत्तर दिले आणि ऊलाव ओशाळून म्हणाले, "मी म्हणत होतो पाठवावा. ती ऐकेना. म्हणाली, इतक्या लांब जे पाणी बरोबर आणलं ते टपालात हरवलं तर? ह्याच्यासाठी कोणीतरी येईल. दर शनिवारी ती तो घासते."

मग मार्गिट माझ्याजवळ येऊन बसली आणि मला कळेल असा एक शब्द बोलली. "पानी."

शेवटच्या दिवशी दादा इंग्रजी विसरला होता. तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणे. ऊलाव त्या वेळी शाळेत होते, आणि असते तरी उपयोग नव्हता. तिने दूध दिले. पांघरूण घातले. खिडकी उघडली. त्याची पुस्तके आणून छातीवर ठेवली. तो म्हणतच राहिला. शेवटी तिने घरामागच्या ओढ्याचे पाणी लाकडी चमच्याने तोंडात घातले, आणि तो थांबला. तीन चमचे. त्यानंतर बोलला नाही. तो शब्द तिने ध्यानात ठेवला होता, कारण कोणी आले तर विचारायचे होते, त्याला तेच हवे होते ना?

मी हो म्हटले. तिने हात तोंडावर धरला. डॉक्टर रागावेल या धाकाने आधी पाणी द्यायला तिने उशीर केला होता, आणि तीन वर्षे ते तिच्या मनाला लागून राहिले होते. खालापुरात वहिनी जे रोज मनाशी बघत होती, त्याची दुसरी बाजू ही बाई इथे रोज बघत होती.

मग आम्ही तिघे चर्चच्या आवारात गेलो. दादाच्या दगडावर क्रूस नाही. तो चालेल की नाही हे माहीत नसल्यामुळे त्यांनी ओढ्यातला एक धोंडा आणून त्यावर पारपत्रावरची अक्षरे बघून नाव कोरले होते. मी तीळ-तांदूळ ठेवले आणि पाणी सोडले. पाणी मार्गिटने आणले होते, त्याच ओढ्याचे. वर नळांतून तेच पाणी विजेच्या घराकडे जात होते. मी गावात सहा दिवस राहिलो. तिने माझ्याकडून काही घेतले नाही. पहिल्या जेवणानंतर उठून मी तिचा हात हातात घेतला.

परतीची वाट

लंडनहून मुंबईला येताना गडू माझ्या उशाशी असे. एडन सोडल्यावर एक विचार मला छळू लागला. गडू बंद म्हणजे दादाच्या तोंडात गंगा गेली नाही. आई म्हणेल, पाठवलं ते मरण, आणि तेवढ्यालाही उपयोगी पडलं नाही. झाळ सुरीच्या टोकाने उडेल. पाणी समुद्रात टाकले की झाले, आणि फोडला, पाजले, असे सांगता येईल. खरे कोण विचारायला जाणार? एका दुपारी मी सुरी हातात घेतलीसुद्धा. वहिनीने मागितलेली एकच गोष्ट आठवली आणि ठेवून दिली.

खोपोली स्टेशनावर आमच्या ओळखीचा कुंभिवलीचा गोमा बैलगाडी घेऊन आला होता.

"मास्तर, तकडं भात पिकत नाय म्हनं. मंग खात्यात काय?"

"गवत वाळवतात आणि बटाटे खातात."

"आरं द्येवा. आन् दादाला तसल्या मुलकात ठेवलं?" मग बराच वेळ बैलांशीच बोलला. घर जवळ आल्यावर म्हणाला, "कुनी बगायला व्हतं का रं त्याला?"

"होतं," मी म्हणालो.

घरी मी गडू आई आणि वहिनीच्या मध्ये ठेवला. वहिनीने तोंडावरून बोट फिरवले. झाळ लागली तसा तिचा हात मागे गेला. मी सांगायला लागलो, आणि काही गाळले नाही. सुरी, मान हलवणे, शनिवारचे घासणे, दूध, पांघरूण, खिडकी, तीन चमचे.

"म्हणजे गंगा नाही," वहिनी म्हणाली.

"नाही. ओढ्याचं पाणी. तो जे बघायला गेला होता तेच."

आई मात्र वेगळ्याच ठिकाणी थांबली होती. "गडू हातात घेऊन काय म्हणाला तो? पुन्हा सांग."

"हा माझ्या आईचा आहे. घरात एकच आहे. तिला लागेल."

आईने पदराचे टोक हातात घेतले आणि कितीतरी वेळ त्याची घडी घालत बसली. बाहेर गोमा बैल सोडत होता. मग ती म्हणाली, "इंदू."

तीन वर्षांत त्या घरात ते नाव तिच्या तोंडून निघाले नव्हते. वहिनी दचकली.

"इंदू, कोनाड्यात ठेव तो. माझ्या वेळेला तुझ्याच हातानं फोड. विन्याला नको देऊस."

वहिनीने गडू उचलला, देवघरात ठेवून आली, आणि दाराशी उभी राहिली. "भावजी, त्या बाईचं नाव काय म्हणालात?"

"मार्गिट."

"मारगीत."

"मार्गिट."

ती पुन्हा म्हणाली. आईही पुटपुटत होती. त्या दोघी बराच वेळ तो परका शब्द नीट येईपर्यंत म्हणत राहिल्या.